आधी नावं, मग झेंडा: २६ जानेवारीच्या सकाळचा प्रकरण अभ्यास

२६ जानेवारीला दिल्लीत संचलन सुरू होण्याआधी पंतप्रधान राष्ट्रीय समर स्मारकावर जातात, पुष्पचक्र वाहतात, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात आणि मग कर्तव्यपथावरच्या सलामी मंचाकडे निघतात. घरोघरी टीव्हीवर हा भाग चहा-नाश्त्याच्या गडबडीत निघून जातो. पण ज्यांनी जीव दिला त्यांचा शोक आणि त्यांच्यामुळे टिकलेल्या प्रजासत्ताकाचा सण एकाच सकाळी कसे बसवायचे, याचं देशानं ठरवलेलं उत्तर त्या थोड्या वेळात आहे. ते उत्तर कसं घडलं आणि गावाच्या, शाळेच्या, सोसायटीच्या कार्यक्रमात त्यातलं काय उचलता येतं, याचा हा अभ्यास.

अडचण कुठे आहे

शोक दाखवायचा तर झेंडा अर्ध्यावर आणायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. २६ जानेवारीला तेच करता येत नाही. ध्वजसंहितेनुसार प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती अशा दिवशी मोठ्या पदावरच्या व्यक्तीचं निधन झालं तरी तिरंगा अर्ध्यावर नेत नाहीत. अपवाद फक्त पार्थिव ठेवलेल्या इमारतीचा, तोही पार्थिव बाहेर नेईपर्यंत. अमेरिकेत मेमोरियल डेला झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर ठेवतात आणि बाराला पूर्ण वर नेतात. तिथे शोक आणि अभिमान दोन्ही एकाच दोरीवर चालतात. आपल्याकडे ती सोय नाही. त्यामुळे शोकासाठी वेगळी जागा, वेगळा नाद आणि वेगळी वेळ लागते. दिल्लीचा सगळा क्रम या गरजेतून आलेला आहे, आणि गावातले बहुतेक कार्यक्रम नेमके इथेच घसरतात: एकच मैदान, एकच माईक, एकच निवेदक आणि श्रद्धांजलीचा ‘कार्यक्रम क्रमांक सात’.

परंपरा कशी बसली

इंडिया गेटचं उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ ला झालं. ४२ मीटर उंचीच्या त्या कमानीवर १३ हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. ती पहिलं महायुद्ध आणि त्याला लागून झालेल्या लढायांत ब्रिटिश हिंदी सैन्यातून लढून मेलेल्यांची. स्वातंत्र्यानंतर वारलेल्या सैनिकांसाठी देशपातळीवर अशी जागा बराच काळ नव्हती. डिसेंबर १९७१ चं युद्ध १६ तारखेला संपलं आणि त्यानंतर ४१ दिवसांनी, २६ जानेवारी १९७२ ला, कमानीखाली अमर जवान ज्योतीचं उद्घाटन झालं. काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर शिरस्त्राण, बाजूला ज्योत. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार ज्योती होत्या; एक वर्षभर तेवायची आणि चारही २६ जानेवारी व १५ ऑगस्टला. म्हणजे सणाच्या दिवशी शोकाची जागा झाकायची नाही, उलट ती जास्त उजळायची, हा निर्णय तेव्हापासूनचा आहे.

२५ फेब्रुवारी २०१९ ला जवळच सुमारे ४० एकरांत राष्ट्रीय समर स्मारक सुरू झालं. २०२० पासून प्रजासत्ताक दिनाचं पुष्पचक्र तिथे वाहिलं जातं, आणि २१ जानेवारी २०२२ ला इंडिया गेटची ज्योत तिथल्या ज्योतीत मिसळण्यात आली. या बदलावर लोक तेव्हा मनापासून भांडले, आणि दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं होतं. कार्यक्रम आखणाऱ्यानं त्यातून एक गोष्ट घ्यावी: सवयीची जागा बदलायची तर आधी कुटुंबांशी आणि माजी सैनिकांशी बोलायचं, फलक बसवून झाल्यावर नव्हे.

दगडावर काय लिहिलं आहे

स्मारकाची रचना एकात एक अशा चार चक्रांची: अमर, वीरता, त्याग आणि रक्षक. मधोमध साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि त्याच्या पायथ्याशी ज्योत. वीरता चक्रात सहा लढायांची कांस्यशिल्पं आहेत. ती धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांची. रक्षक चक्र म्हणजे सहाशेहून अधिक झाडांच्या रांगा. पण ज्यासाठी माणसं तिथे येतात ते त्याग चक्र. १६ भिंती, ग्रॅनाइटच्या पाट्या, आणि एका पाटीवर एकच सैनिक. उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. १९४७-४८, डिसेंबर १९६१ ची गोवा मुक्तीची कारवाई, १९६२, १९६५, १९७१, सियाचिन, श्रीलंका, कारगिल आणि त्यानंतरच्या मोहिमा, सगळ्या यात येतात.

एका माणसाला एक पाटी, हा निर्णय साधा दिसतो, पण त्याचं मोल जुन्या पाट्या पाहिल्या की कळतं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतल्या कित्येक गावांत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी आजही आहे: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले. संख्या आहे, नावं नाहीत. इराकमधल्या बसरा स्मारकावर हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणीनुसार फक्त संख्या. पूना डिव्हिजनबरोबर इराकमधल्याच कुट-अल-अमाराला वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेलेल्या मराठा पलटणी याच आघाडीवरच्या. घरच्यांना माणूस कुठे गेला हेसुद्धा नीट कळलं नाही, आणि दगडानंही सांगितलं नाही. म्हणून गावाच्या स्मारकाचं पहिलं काम नावं, आणि तेही अचूक.

पुष्पचक्राचा क्रम

दिल्लीत तिन्ही दलांचं संयुक्त पथक उभं असतं. पुष्पचक्र दोघे जण पुढे नेतात, मुख्य व्यक्ती मागून चालते, चक्र ठेवल्यावर ते हातानं सरळ करते आणि मागे येऊन थांबते. मग पथकाला ‘सलामी शस्त्र’, त्यानंतर ‘शोक शस्त्र’. शोक शस्त्रात रायफल उलटी होते, नळीचं तोंड बुटावर टेकतं, हात दस्त्यावर येतात आणि मान खाली. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही शोकाची धून वाजते. दोन मिनिटं शांतता. मग ‘राउझ’, म्हणजे जागं करणारी धून, आणि पथक पुन्हा ‘सलामी शस्त्र’वर येतं.

या क्रमात शांतता उघडी पडलेली नाही, हे लक्षात घ्या. तिच्या आधी एक धून, नंतर दुसरी. लोकांना कुणी सांगावं लागत नाही की आता थांबा, आता संपलं. ३० जानेवारीला हुतात्मा दिनी सकाळी अकराची दोन मिनिटं पाळतात तिथेही हीच योजना आहे: १०.५९ ते ११.०० भोंगा, मग शांतता, आणि ११.०२ ते ११.०३ पुन्हा भोंगा. गावात नेमका दुसरा इशारा विसरला जातो. निवेदक ‘दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या’ म्हणतो, चाळीस-पन्नास सेकंदांत मागची पोरं चुळबुळ करतात, कुणीतरी ‘अमर रहे’ सुरू करतं आणि दोन मिनिटं तिथेच संपतात.

समर स्मारकावर टाळ्या नाहीत, भाषण नाही, राष्ट्रगीतही नाही. अभिप्रायाच्या नोंदवहीत सही होते आणि मंडळी निघतात. राष्ट्रगीत पुढे सलामी मंचासमोर, तिरंगा उघडल्यावर, साधारण ५२ सेकंदांचं, आणि त्याबरोबर २१ तोफांची सलामी. त्या मंचावरही शोक पूर्ण मागे राहत नाही. अशोकचक्र मरणोत्तर असेल तर संचलनाच्या आधी पत्नी किंवा आई येऊन ते स्वीकारते. २६ जानेवारी २००९ ला मुंबई हल्ल्यात कामी आलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळस्कर, तुकाराम ओंबळे यांच्या कुटुंबीयांनी ते राजपथावर (आजच्या कर्तव्यपथावर), राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हातून स्वीकारलं. त्यानंतर संचलन सुरू झालं, बँड वाजले, चित्ररथ आले. घरच्यांना कुणी ‘आता आनंदी व्हा’ म्हटलं नाही आणि लोकांनाही कुणी ‘आज साजरं करू नका’ म्हटलं नाही. दोन्हीला आपापली वेळ मिळाली.

गावाच्या मापात

इथे एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. हुद्दा, नाव, पलटण, वर्ष असं एका सैनिकाचं वाचन आठ सेकंदांचं धरलं, तर २५,९४२ नावं वाचायला ५७ तासांहून अधिक लागतील. दिल्लीला ते जमणार नाही, म्हणून तिथे दगड बोलतो. गावात नावं चार असतील, बारा असतील, फौजी परंपरेच्या गावात चाळीस. बारा नावं दोन मिनिटांत होतात, चाळीस नावं सहा मिनिटांत. दिल्लीला न जमणारी गोष्ट गावाला जमते, आणि तरी गावं ती सोडून दिल्लीच्या संचलनाची नक्कल करायला जातात. नावं वाचा. कार्यक्रमात दुसरं काहीच जमलं नाही तरी हे करा.

यादी निदान महिनाभर आधी पक्की करायला घ्यावी. नाव घरच्या कागदांवरून आणि सेनेच्या नोंदीवरून, दोन्हीकडून ताडून घ्यायचं. घरी पोरानं ‘तात्या’ म्हटलेलं नाव फलकावर जायला नको आणि रेकॉर्डमधल्या इंग्रजी स्पेलिंगवरून उलटं मराठी केलेलं चुकीचं आडनावही नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जिल्ह्यातल्या वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांची नोंद असते. सुरुवात तिथून करावी. पुढे पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्रात सेवा क्रमांक दिला तर उत्तर लवकर येतं, नुसत्या नावावर शोध अडकतो. दोन्ही महायुद्धांतल्या सैनिकांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी नावावरून तपासता येते, फक्त एकाच आडनावाची चार-पाच इंग्रजी रूपं घालून बघावी लागतात.

पलटण लिहिताना एक चूक वारंवार होते. काश्मीरमध्ये वीरमरण आलेले बरेच जण राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये तैनात असतात, पण त्यांची मूळ पलटण वेगळी असते. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले तेव्हा ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. त्यांची मूळ पलटण २१ पॅरा. फलकावर दोन्ही यायला हवं. पदकाचंही तसंच. सेना पदक, शौर्यचक्र, वीरचक्र यांत फरक आहे. कौतुकाच्या भरात पदक वाढवून लिहिलं की पलटणीतला माणूस पहिल्या नजरेत ओळखतो आणि घरच्यांना अवघडल्यासारखं होतं.

नावं कोणाची, हा प्रश्न यादी करताना वादाचा ठरतो, म्हणून आधीच ग्रामसभेत ठरवावा. समर स्मारक सेनादलांचं आहे. पोलीस आणि केंद्रीय पोलीस दलांसाठी दिल्लीत चाणक्यपुरीला वेगळं राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे आणि त्यांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबर. गावाला असं वेगळं करणं परवडत नाही, आणि करूही नये. गडचिरोलीत सुरुंगात गेलेला पोलीस शिपाई आणि पुलवाम्यात गेलेला केंद्रीय राखीव दलाचा जवान गावाचेच. एकाच फलकावर ‘सेनादलं’ आणि ‘पोलीस व निमलष्करी दलं’ असे दोन मथळे करा. सेवेत असताना आजारानं किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्यांचं काय, यावर सरळ निकष लिहून ठेवा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. भावकी बघून बदलणारा निकष फलकापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

क्रम मृत्यूच्या तारखेनं लावावा. हुद्द्यानं नाही, आडनावानं नाही. खाली जागा मोकळी सोडावी. पुढचं नाव कधी लिहावं लागू नये हीच सगळ्यांची इच्छा, पण ‘एकूण इतके’ असं कोरून फलक बंद करू नये. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरून सोनेरी रंग भरला तर अक्षर रंग उडाल्यावरही वाचता येतं. नुसतं रंगवलेलं दोन पावसाळ्यांत पुसट होतं. उभ्या माणसाला दोन मीटरवरून सहज वाचता यावं म्हणून अक्षराची उंची २० ते २५ मिलिमीटर ठेवावी. आणि उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, ठेकेदार यांची नावं त्या दगडावर नकोत. कित्येक स्मारकांवर हुतात्म्याच्या नावापेक्षा लोकप्रतिनिधीचं नाव मोठ्या अक्षरात आहे, आणि हे पाहून खरंच राग येतो. हवी तर उद्घाटनाची नोंद चौथऱ्याच्या मागच्या बाजूला छोट्या पट्टीवर करावी.

सकाळचं वेळापत्रक

राज्यात प्रजासत्ताक दिनाचं मुख्य शासकीय ध्वजवंदन सव्वानऊला असतं, आणि साडेआठ ते दहा या वेळात इतरांनी आपला समारंभ ठेवू नये, असं परिपत्रक दरवर्षी निघतं. त्या वर्षीचं परिपत्रक तहसील कार्यालयातून बघून घ्यावं. जानेवारीच्या शेवटी पश्चिम महाराष्ट्रात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे हाताशी दीड तासापेक्षा कमी वेळ उरतो, आणि त्यात दोन्ही कामं बसतात: साडेसातला स्मारक, आठ वाजून दहा मिनिटांनी झेंडा.

साडेसातच्या आधी दहा मिनिटं गाणी बंद. साउंडवाल्याच्या शेजारी एक माणूस हातात कागद घेऊन बसवावा, ज्याचं काम फक्त आवाज चालू-बंद करणं. लोक उभे. निवेदकानं एकच सूचना द्यायची: नावं वाचताना टाळ्या किंवा घोषणा नाहीत, बिगुल वाजेल, दोन मिनिटं शांतता, मग दुसरी धून वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही. लहान मुलांना हे आदल्या दिवशी शाळेत एकदा करून दाखवलं की ती मोठ्यांपेक्षा नीट उभी राहतात. त्यानंतर नावं. वाचणारा माजी सैनिक असेल तर हुद्दे आणि पलटणी अडखळत नाहीत. नावं वीसच्या वर असतील तर दोघांनी आलटून पालटून वाचावीत, कारण थंडीत एकाचा आवाज बसतो.

पुष्पचक्र एकच, गावातर्फे, आणि ते वाहायचा पहिला मान कुटुंबाचा. त्यांना पुढे यायचं नसेल तर माजी सैनिकांतल्या सर्वांत ज्येष्ठाचा. सरपंच, तलाठी, मंडळांचे अध्यक्ष यांनी नंतर एकेक फूल ठेवावं. प्रत्येक मंडळाचं वेगळं चक्र घेतलं की प्रत्येकी फोटोसह पाऊण मिनिट जातं. पंधरा चक्रांत अकरा मिनिटं, आणि तेवढ्यात पुढची पंगत लागावी तशी मागे ढकलाढकल होते. दोन फूट व्यासाच्या चक्राचा घेर ७५ इंच भरतो. दोन इंची झेंडूची एक ओळ म्हणजे सदतीस-अडतीस फुलं, तीन ओळींना साधारण ११०. कामट्यांच्या कड्याला पेंढा आवळून बांधावा आणि फुलं आदल्या रात्री लावून ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवावीत. पाणी शिंपडून ठेवलं तर चक्र जड होऊन सकाळी मधून वाकतं. चक्र टेकवायची तिकटी आदल्या दिवशी जागेवर उभी करून बघावी. चौथऱ्याच्या गुळगुळीत फरशीवर तिचे पाय सरकतात, तेव्हा खाली रबराचे तुकडे लावावेत.

बिगुल वाजवणारा एनसीसीच्या तुकडीतून मिळाला तर उत्तम. बिगुलाला कळा नसतात, सगळे स्वर ओठांच्या ताणावर निघतात, म्हणून गार सकाळी ओठ आणि पितळ दोन्ही गरम करून घ्यावे लागतात. वादकाला पंधरा मिनिटं आधी स्मारकापासून दूर उभं करून सराव करू द्यावा. वादक नसेल तर ध्वनिफीत चालेल, पण ती इंटरनेटवरून थेट वाजवायची नाही. ‘लास्ट पोस्ट’च्या आधी साबणाची जाहिरात वाजणं किंवा मध्येच फोन येणं, दोन्ही होतं. फाइल फोनमध्ये उतरवून घ्यायची, फोन विमान मोडवर टाकायचा, जोडणी वायरनं करायची. दोन धूनींच्या मधली दोन मिनिटं फाइलमध्ये असतील तर घड्याळ बघावं लागत नाही. नसतील तर घड्याळ एकाच माणसाकडे.

एनसीसीचे छात्र शस्त्राशिवाय असतील तर त्यांनी सावधान उभं राहून मान झुकवावी. लाकडी बंदुका घेऊन शोक शस्त्राची नक्कल नको. गणवेशातल्यांनी सॅल्यूट, बाकीच्यांनी सावधान.

मग पाच-सात मिनिटांचा मोकळा वेळ, आणि तो राखायचाच. स्मारक वेगळ्या जागी असेल तर चालत जाण्यात तो जातो. एकाच मैदानात असेल तर लोकांची तोंडं फिरवा: स्मारकाकडे पाठ नाही, पण ध्वजस्तंभ समोर येईल अशी नवी रांग. झेंडा, राष्ट्रगीत, राज्यगीत, आणि त्यानंतर लेझीम, ढोल, पोरांचे नाच, जिलेबी. इथे आवाज दबवून ठेवायची गरज नाही. आधीचं काम नीट झालेलं असलं की नंतरचा आनंद कुणाला खुपत नाही.

झेंड्याच्या चुका

फलकाचं अनावरण असेल तर तो तिरंग्यानं झाकायचा नाही; ध्वजसंहितेत पुतळा किंवा स्मारक झाकायला झेंडा वापरण्यास मनाई आहे. साधं पांढरं किंवा भगवं कापड घ्या. झेंडा उघडताना आतून फुलांच्या पाकळ्या पडाव्यात असं वाटत असेल तर त्याला राष्ट्रीय दिनी परवानगी आहे. व्यासपीठावर भाषण करणारा लोकांकडे तोंड करून उभा असेल तर झेंडा त्याच्या उजव्या हाताला. स्मारकाच्या पायथ्याशी तिरंग्याची रांगोळी काढू नये, पुष्पचक्र वाहणाऱ्यांचे पाय तिच्यावरच पडतात. कागदी झेंडे वाटले तर परत गोळा करायला दोन मुलं आणि एक पोतं नेमावं. ते उकिरड्यावर न टाकता खाजगीत, मान राखून नष्ट करायचे असतात.

घरची माणसं

वीरमातेला साडेसातला आणून खुर्चीवर बसवायचं आणि सत्कार साडेदहाला, सगळ्या भाषणांच्या शेवटी, हा प्रकार फार गावांत चालतो. सत्तरीची बाई तीन तास थंडीत आणि नंतर उन्हात. स्मारकाचा भाग झाला की त्यांची जबाबदारी संपली पाहिजे. थांबायचं असेल तर त्या थांबतील. माईक हातात देऊन ‘दोन शब्द बोला’ म्हणू नये. बोलायचंच असेल तर त्या आदल्या दिवशी सांगतील, म्हणून आदल्या दिवशी घरी जाऊन विचारावं. त्याच भेटीत काय वाचणार आहोत ते वाचून दाखवावं, म्हणजे तारीख किंवा हुद्दा चुकला असेल तर तिथेच दुरुस्त होतो. आईवडील आणि पत्नी वेगळे राहत असतील तर दोन्ही घरी जायचं आणि दोघांनाही पुढच्या रांगेत जागा ठेवायची. एका घराला निमंत्रण आणि दुसऱ्याला निरोप, यातून गावात तेढ उभी राहते.

आणखी एक गोष्ट, जी कार्यक्रमपत्रिकेत कधीच येत नाही. २६ जानेवारी बहुतेक वर्षी संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत येतो. सकाळी वीरपत्नीला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि दुपारी त्याच मंडपात महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला बोलावलं जात नाही, किंवा बोलावलं तर कोपऱ्यात बसवून फक्त वाण हातात ठेवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांना तो आदर्श घ्यायला सांगितलं. ज्या गावात स्मारक आहे तिथल्या महिला मंडळानं २६ जानेवारीच्या आधीच हे बोलून ठरवावं: कुंकू लावायचं की नाही हे ती ठरवेल, विचारणं मात्र सगळ्यांना जसं तसंच तिलाही. सत्काराची साडी पांढरी किंवा फिकी निवडण्याची सवयही इथेच सोडावी.

कार्यक्रमानंतर

पुष्पचक्र संध्याकाळी उचलायचं. चार दिवस तसंच राहिलं की झेंडू काळा पडतो, कुत्री पेंढा ओढतात आणि फरशीवर डाग राहतो. फलक साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसावा, आम्ल वापरलं तर सोनेरी रंग उतरतो. पक्क्या यादीच्या तीन प्रती काढाव्यात: ग्रामपंचायतीच्या दप्तरात, शाळेत आणि माजी सैनिक संघटनेकडे, प्रत्येक नावासमोर माहिती कुठून घेतली ते लिहून. त्याच दिवशीच्या ग्रामसभेत फलकाच्या देखभालीचा खर्च आणि जबाबदार व्यक्ती इतिवृत्तात घालून घ्यावी. दुरुस्ती सुचवायची असेल तर कुणाकडे जायचं, तेही तिथेच नोंदवावं. चुकलेलं अक्षर दगडावर तसंच ठेवून वर्षानुवर्षं वाचत राहण्यापेक्षा पाटी बदलणं स्वस्त पडतं, आणि त्यासाठीच प्रत्येक नावाची पाटी वेगळी बसवलेली बरी.